समृद्धी वर्ध्यावरून जाते

राज्यातल्या शहरांच्या प्रगतीची तुलना निघाली की पुणे, नाशिक, फार तर नागपूर. वर्ध्याचं नाव दिसतं ते वळणाच्या फलकावर. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला आणि आमचं दार उघडलं, बाहेर जायचं! जिल्ह्यातल्या हिंगणघाटला कापूस येतो, जिनिंगमध्ये सरकी निघते, गाठी बांधून ट्रक भरतो. गावात सूत निघतं, नाही असं नाही. पण बहुतेक गाठींचं कापड आणि त्यावरचा नफा दुसऱ्याच जिल्ह्याच्या आकडेवारीत चढतो. “जिल्ह्यातल्याच सिंदी रेल्वे गावाला ड्राय पोर्ट होतंय की,” असं कुणी म्हणेल. होऊ द्या. पण तिथूनही गाठीच रवाना झाल्या, तर आमच्या वाट्याला हमाली अन् धूळच. तेव्हा पुढच्या प्रचारसभेत महामार्गाचे किलोमीटर मोजू नका. जिल्ह्यात किती गाठींचं कापड झालं, तेवढं विचारा.