टिकाऊ असेल तेच दाखवा

तंजावरच्या राजवाड्यामागे राहणारे राव दुकानात शिरले की दुकानदार काउंटरवरचा नाजूक माल आत ठेवतो. राव खेळणं उचलतात, अंगठ्याचं नख रुतवतात, दोन्ही हातांनी ताणतात आणि आजूबाजूला बायामाणसं नाहीत असं पाहून हळूच दाढेखाली धरतात.

घरी वाघ्या आहे. गुलाबी नाकाचा, पांढराशुभ्र राजपाळयम कुत्रा. ही जात रानडुकरांच्या शिकारीची. रावांच्या घरात डुकरं नसल्यामुळे तो चपला आणि झोपाळ्याच्या कड्यांवर भागवतो. राव त्याला आधी मराठीत दटावतात, मग तमिळमध्ये 'कडिक्कादे!' म्हणून ओरडतात. वाघ्या दोन्ही भाषांत ऐकत नाही.

तंजावरची मान डोलावणारी बाहुली, तलैयाट्टी बोम्मै, बुडाला जड असते. कितीही ढकला, पुन्हा उभी. एवढ्यावर रावांनी ती टिकाऊ ठरवली. वाघ्याने तिला पाडलं नाहीच. उभ्या उभ्या मुंडक्यापासून खाल्ली. रंग पोटात गेला म्हणून राव रात्रभर जागे. मग टेनिसचा चेंडू झाला. त्याची लव दातांवर पॉलिशपेपरसारखी चालते हे कळल्यावर तो बाद. सुताचा दोर झाला. धागे आतड्यात अडकतात म्हणून तोही बाद.

प्रत्येक पराभवाची नोंद वहीत होते: वस्तू, किंमत, तास, शेरा. शेरा बहुधा एकच, 'फस्त'. तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या धन्वंतरी महालात रुग्णांची टिपणं ठेवत, तेव्हा ही आपली घराण्याची रीत, असं राव सांगतात. (रावांचं घराणं त्या महालात नेमकं काय करी, हे विचारू नये.) पण वही वाचून दाखवताना त्यांचा आवाज तक्रारीचा नसतो, गड घेतल्याचा असतो.

मग भाच्याने अमेरिकेहून काँग नावाचं खेळणं आणलं, पोकळ, टणक रबराचं. १९७०च्या दशकात ज्यो मार्कहॅम नावाच्या गृहस्थाचा अल्सेशियन दगड चावायचा. फोक्सवॅगन गाडीचा रबरी भाग हाती लागला तेव्हा तो दगड विसरला, त्यातून हे निघालं. वाघ्याने ते रात्रंदिवस चावलं. खेळणं शाबूत. वहीतला रकाना कोरा.

रावांचा चेहरा पडला. 'याला काही झालंय' म्हणत त्यांनी वाघ्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जबडा उघडून बेचाळीसच्या बेचाळीस दात तपासले आणि कुत्रा ठणठणीत असल्याचं सांगितलं. वर बजावलं, की नख रुतत नाही इतकं कडक काही देऊ नका. हाडं, शिंगं चावून मागची दाढ उभी चिरते. रावांनी मान डोलावली, पण कान फक्त 'ठणठणीत'वर होते.

परतताना ते थेट दुकानात गेले. काँगपेक्षा थोडं कच्चं काही आहे का, म्हणून विचारलं. दुकानदाराने नवा माल पुढे केला आणि म्हणाला, "राव, आधी तुम्ही चावून बघा."