रेंजवाले काकाजी

तळेगावात कुणाच्या घरी नेट अडलं की कंपनीच्या आधी काकाजींना कळतं, आणि न बोलावता ते हजर होतात. इथल्याच एसटी आगारातून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस. दारातल्या पोरांना अजूनही "चला, मांगं सरका" म्हणूनच आत शिरतो.

पहिला प्रश्न ठरलेला. "डब्ब्याचं तोंड कुकडे हाय?" दूरदर्शनच्या काळात कवेलूंवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून "आलं, आलं... गेलं!" ऐकायचं, एवढीच काकाजींची विद्या. राउटरच्या दोन्ही काड्या ते भाल्यासारख्या बेडरूमवर रोखतात. आता काडीतून लहरी जातात त्या तिच्या अंगातून, चहूबाजूंना. टोकाच्या दिशेला जवळपास काहीच जात नाही. म्हणजे काकाजींनी नेम धरलेली खोलीच उपाशी. शेजारच्या सुनेनं हे समजावून पाहिलं.

"मंग टोक कायले देलं कंपनीनं?"

यावर ती काय बोलणार?

मोबाईलात दोन नावं दिसली तर काकाजी डोळे मिटून पाचवालं निवडतात. दोनपेक्षा पाच जास्त, हिशेब सरळ! ५ गिगाहर्ट्झला वेग भरपूर, पण जुन्या घराच्या जाडजूड मातीच्या भिंतीपुढं त्याचा जोर सरतो, तिथं २.४ च त्यातल्या त्यात पलीकडं पोचतं.

खरा गुन्हेगार मात्र समोरच घरघरत असतो. उन्हाळ्यातला लोखंडी कूलर. पत्रा लहरी परतवतो, पोटातलं पाणी उरल्यासुरल्या पिऊन टाकतं, आणि राउटर नेमका त्याच्याच मागच्या फळीवर. पण कूलरवर संशय घेतलेला काकाजींना खपत नाही. "नेटबिना माणूस जगते. कूलरबिना जगून दाखव!" मे महिन्यात मीही याच मताचा असतो, हे कबूल.

शेवटी अमरावतीला शिकणारा शेजाऱ्यांचा पोरगा सुट्टीत आला. लांब वायर घेऊन त्यानं डब्बा मधल्या खोलीच्या सज्ज्यावर चढवला, काड्या सरळ उभ्या केल्या, आणि सैपाकघरापर्यंत व्हिडिओ न अडकता चालू लागला. काकाजी खुर्चीत बसून हे सारं पाहत होते. चहा आला तसा बशीत ओतून त्यांनी एक घोट घेतला.

"पाह्यलं? काल म्या काडी वाकवली, तिचा असर आज आला."