तोल

आमचा भाचा कलिन्याला एम.ए. करतो आणि राहतो डोंबिवलीला. ‘अभ्यास आणि मित्रमंडळी, दोन्हींचा तोल सांभाळायला हवा रे,’ असं मी जाणत्या सुरात सांगितलं, तर म्हणाला, ‘मामा, तोल रोज सकाळी ८ वाजता सांभाळतोच की. एक पाय डब्यात, एक हवेत.’

त्याच्या टोळक्यात एक विरारची, एक पनवेलचा. तिघं तीन मार्गांवर. भेटायचं तर दादरला, तेही रविवारी. आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. त्यामुळे भेटीची आखणी व्हॉट्सॲपवर तीन-तीन आठवडे चालते. एवढी चिकाटी डिझर्टेशनला दाखवली असती तर... पण हे वाक्य त्याच्या आईचं, मी फक्त पोहोचवतोय.

गेल्या महिन्यात अखेर योग आला. फूलबाजाराजवळ, टपरीवर, तीन कटिंग. एकूण भेट २० मिनिटं. त्यातली १२ एकमेकांच्या झेरॉक्स लावून घेण्यात गेली, कारण पान ४७ नेमकं तिघांकडेही नव्हतं. मग विरारवालीला तिची फास्ट आठवली. सेल्फी मात्र सहा वेळा काढला. मागे झेंडूचे ढीग, पुढे जागरणाने तांबारलेले सहा डोळे, खाली ओळ : ‘फुल्ल धमाल!’

पहिला लाइक गाइडबाईंचा आला. त्याखाली त्यांची कॉमेंट : ‘छान! चॅप्टर दोन कधी?’