परंतुकाचे मानकरी

दिल्लीच्या आसमंतात अलीकडे जी एक नवी मनुष्यजात दृग्गोचर होऊ लागली आहे, तिचे व्यवच्छेदक लक्षण असे की, परदेशात मिळालेला वाहनपरवाना ती, इनामदाराने पेशव्यांची सनद जपावी तसा, उराशी जपून असते. कॅलिफोर्नियात दीड तप काढून स्वदेशी परतलेले आमचे रावसाहेब हे या जातीचे अव्वल नमुनेदार. त्यांच्या परवान्यावर उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, इतकेच नव्हे, तर मरणोत्तर अवयवदानाची संमतीही नमूद आहे. आणि दिल्ली-जयपूर महामार्गावरील रहदारीचे एकवार दर्शन घडताच या शेवटच्या मजकुराची निकड त्यांना विशेषत्वाने जाणवली.

एवढ्या अधिकारी पुरुषाने पुनश्च परीक्षेस बसावे, ही कल्पनाच त्यांना असह्य. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या नवव्या कलमात एक परंतुक आहे. परदेशातील सक्षम अधिकाऱ्याचा परवाना सादर करणाऱ्या अर्जदारास, वैद्यकीय अटी पाळल्यास, वाहन चालवण्याच्या परीक्षेतून त्यान्वये माफी मिळते. हे परंतुक रावसाहेबांना विष्णुसहस्रनामाहून अधिक मुखोद्गत. परंतु दरखास्त द्यावी कोणाकडे? घर गुरुग्रामला, कचेरी नोएडाला, आणि आधारकार्डावरील पत्ता वडिलांच्या करोलबागेतला. तेव्हा कागदोपत्री एक असलेल्या राजधानी क्षेत्रात ते एकाच वेळी तीन सरकारांचे प्रजाजन ठरले. अखेर दिल्ली मुक्रर झाली. तेथील कारकुनाने परवाना उलटसुलट न्याहाळून, त्यातील डोळ्यांचा रंग समोरच्या डोळ्यांशी ताडून पाहिला आणि अत्यंत सौजन्याने सुचवले, "भाईसाहब, टेस्ट दे दो, दो मिनट का काम है." रावसाहेबांनी अधिनियम उघडला, कारकुनाने जेवणाचा डबा उघडला. फाटकाबाहेर एकही कलम ठाऊक नसून प्रत्येक कलमाची किंमत ठाऊक असलेला दलाल तिष्ठत होता. परंतु त्याच्याकडे पाहणेही रावसाहेबांनी कमीपणाचे मानले.

वस्तुतः शिकाऊ परवाना काढून तीस दिवस स्वस्थ बसले असते, तर परीक्षेचा मार्ग त्यांना सरळ मोकळा होता. पण गाडी चालवायला मिळणे हा त्यांच्यापुढील प्रश्नच नव्हता. आपल्याला गाडी चालवता येते, हे सरकारने विनापरीक्षा मान्य करावे, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. अर्ज, स्मरणपत्रे, प्रमाणित नकला आणि वरिष्ठांच्या भेटी यांत ऋतू पालटला, आणि एके दिवशी परंतुक विजयी झाले.

मात्र दिल्लीच्या रस्त्याने परंतुक वाचलेले नव्हते. चौकातील पांढऱ्या रेषेअलीकडे, तिकडच्या शिरस्त्याप्रमाणे, चाके पूर्ण थांबवून रावसाहेब डावी-उजवीकडे पाहू लागताच मागे भोंग्यांचा असा काही कल्लोळ उसळे की, रीतसर थांबणे हाच दखलपात्र गुन्हा वाटावा. आठवडा उलटण्यापूर्वीच त्यांनी गाडीच्या मागील काचेवर शिकाऊ चालकाचे तांबडे 'एल' अक्षर स्वहस्ते चिकटवले. याविषयी पृच्छा करताच ते गंभीरपणे म्हणाले, "माफी परीक्षेची मिळाली आहे; अक्षर लावू नये, असे नवव्या कलमात कोठेही म्हटलेले नाही."