बोळातलं महाबळेश्वर

मे महिन्यात दुपारी दोन वाजता एरंडोलात रस्त्यावर दोघंच दिसतात. एक, महामार्ग सोडून चुकून गावात शिरलेला ट्रकवाला. दुसरे आमचे आप्पा. डोक्याला पांढरा रुमाल, हातात पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा. ज्यांच्याकडे एसी आहे अशा चार घरांच्या मागच्या भिंतीशी ते आळीपाळीनं थांबतात आणि नळीतून ठिबकणारं पाणी गोळा करतात. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्यानं पानांच्या कडा करपतात. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ, त्यात क्षार नसल्यातच जमा. शास्त्र पक्कं आहे. अडचण एवढीच की मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की एसीलासुद्धा धड घाम येत नाही. तासाभरानं आप्पा वाटीभर पाणी घेऊन परततात.

हे पाणी नेच्यांसाठी. हो, नेचे. महाबळेश्वरच्या कड्यावर, कोकणातल्या आडाच्या कठड्याखाली फुकट उगवतात, ते.

खान्देशात शहाणा माणूस अंगणात लिंबू लावतो, कढीपत्ता लावतो, फार तर भरितासाठी चार वांगी. पण प्रत्येक गावात एक आप्पा असतोच. हायस्कुलातून विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, पावसाळ्यात एकदा घाटावर सहलीला गेलेला आणि येताना एसटीत मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं रोप घेऊन बसलेला. कंडक्टरनं विचारलं, तर म्हणायचं, ‘पेशंट आहे.’

आमच्या आप्पांच्या घराच्या उत्तरेला सहा फुटी बोळ आहे. ऊन तिथं फिरकत नाही. वर हिरवी जाळी, खाली विटांचे तुकडे, कोळसा आणि कुजलेला पाला. काळी माती अजिबात नाही. ‘कपाशीची माती आहे ती,’ आप्पा म्हणतात, ‘पाणी धरून बसते, मुळं कुजतात.’ भिंतीवर दोन थर्मामीटर, एकाच्या बुडाला ओली वात. दोन्हींच्या आकड्यांत फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. हा फरक आप्पा रोज वहीत लिहितात आणि शेअर बाजार कोसळल्यासारखे मान हलवतात.

शेवटी त्यांनी घरातला कूलर उचलून बोळाच्या तोंडाशी नेला. भीमानं बकासुर मारला तो आमच्याच गावात, असं एरंडोलकर मानतात. त्याला गाडाभर अन्न लागायचं; या कूलरला टाकीभर पाणी लागतं, आणि त्याला मारायला काही भीम येत नाही. काकू पंख्याखाली उकडत पडलेल्या.

‘अगं, हे डायनोसॉरच्या आधीपासून पृथ्वीवर आहेत. छत्तीस कोटी वर्षं!’ आप्पांनी समजावलं.

‘मग उन्हाळा त्यांना नवा नाही,’ काकू म्हणाल्या. ‘कूलर इकडे फिरवा.’

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नेच्यांचं असंच वेड पसरलं होतं, आणि १८५५ साली चार्ल्स किंग्जलीनं त्याला ‘टेरिडोमेनिया’ असं नावही दिलं, हेही आप्पांनी सांगून पाहिलं. काकूंनी विचारलं, ‘नाव दिलं, औषध दिलं का?’

पलीकडच्या घरातल्या मोठीमायचा प्रश्न आणखी सरळ. ‘आप्पा, याले फूल येस?’

‘नाही.’

‘फय?’

‘नाही.’

‘बी तरी?’

‘बी पण नाही, मोठीमाय. बीजाणू असतात.’

‘मंग लायं कसाले?’

याचं उत्तर आप्पांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याच पोरानं त्यांच्याकडून मागितलं नव्हतं.

एकदा मात्र अनर्थच व्हायचा. शेजारचे बापू सत्तर बिघे कपाशीचे धनी. सहज बोळात डोकावले, पान उलटून पाहिलं, तर मागे तपकिरी ठिपक्यांच्या ओळीच ओळी. ‘तांबेरा!’ बापू ओरडले. शेतकऱ्याचं मन ते. पाच मिनिटांत पाठीवर पंप लावून हजर. आप्पा दोन्ही हात पसरून बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. त्या ठिपक्यांत बीजाणू असतात, प्रत्येक ठिपका म्हणजे पिढ्याच्या पिढ्या. ‘बापू, हा रोग नाही! बाळंतपण आहे!’ बापू पंप घेऊन परत गेले, पण संध्याकाळी काकूंना हळूच विचारून गेले, आप्पांची झोप वगैरे नीट आहे ना.

एवढं करून आप्पांचा हंसराज दर उन्हाळ्यात वाळतोच. त्याची ती काळी तारेसारखी देठं आणि नाजूक पानं ‘लू’ची एक झुळूक लागली की कागदासारखी चुरतात. आप्पा तीन दिवस दाढी करत नाहीत.

गंमत अशी की गावातला सगळ्यात टवटवीत नेचा माझ्याकडे आहे. मी लावलेला नाही. मोरीचा पाइप दोन वर्षं गळतोय, त्या ओलीवर जुन्या चुन्याच्या भिंतीत तो आपला आपण उगवला. आप्पांनी पाहिला आणि जागीच उकिडवे बसले. टेरिस व्हिटाटा! याला चुना आवडतो, म्हणून जुन्या भिंती. हा जमिनीतलं आर्सेनिक शोषून घेतो, हे २००१ साली फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. हे सगळं त्यांनी माझ्या मोरीकडे तोंड करून, हात जोडल्यासारखे धरून सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी ते दर्शनाला येतात. पद्मालयाला गणपतीपुढेही इतका वेळ थांबत नाहीत. तिथं दोन्ही मूर्तींना घाईत नमस्कार करून तळ्याच्या पायऱ्यांच्या फटी तपासायला जातात.

गेल्या आठवड्यात मी प्लंबर बोलावला. पाना बाहेर काढायच्या आत आप्पा हजर. पाइप बदलला तर ओल जाईल, ओल गेली तर नेचा जाईल. पंधरा मिनिटं समजावणी झाली, त्यात अपुष्प वनस्पतींचा अख्खा धडा आला. प्लंबर मुकाट्यानं ऐकत होता. तो त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं पाना पिशवीत टाकला.

‘सर,’ तो निघताना म्हणाला, ‘आमच्या पाण्याच्या टाकीखालीबी असंच काहीतरी उगवलंय. उपटू का राहू देऊ?’

आप्पांनी डोक्याला रुमाल बांधला आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे जाऊन बसले. माझा पाइप गळतोच आहे.