इमिजिएट जॉइनर

आमच्या चिरंजीवांनी सोमवारी पेपर टाकला. हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावून सांगावं लागलं. अण्णांनी वीज मंडळात ३४ वर्षं काढली. त्यांच्या लेखी पेपर टाकतो तो सकाळी साडेसहाला सायकलवरून येणारा पोऱ्या. राजीनामा म्हटलं की त्यांना अजून लालबहादूर शास्त्री आठवतात, १९५६ चा अरियालूरचा रेल्वे अपघात आठवतो. नातवाने तो आंघोळीला जाता जाता मोबाइलवरून दिला आणि मग टॉवेल कुठंय म्हणून ओरडला.

अंग पुसून बाहेर येईपर्यंत कंपनीचं उत्तर आलं होतं. शेवटचा दिवस ९० दिवसांनी.

मंगळवारी स्वयंपाकाच्या मावशींनी हिला व्हॉइस मेसेज पाठवला. "वैनी, उद्यापासनं जमायचं नाही, समोरच्या टॉवरमधी काम धरलंय." एकूण ११ सेकंद, त्यातली ४ मागच्या कुकरच्या शिट्टीची. आणि बुधवारी चौकातल्या फ्लेक्सवर आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक नव्या रंगाचं उपरणं घालून हात जोडून उभे. जुन्या उपरण्यातला त्यांचा जुना फ्लेक्स शेजारच्या खांबावर तसाच होता. तो उतरवायला माणूस यायचा होता. तोवर दोन्ही दादा एकमेकांना नमस्कार करत होते.

एका आठवड्यात तीन सोडचिठ्ठ्या. ज्याच्यावर कुणाचं काही अडलेलं नाही त्याला ९० दिवस, जिच्यावर आमचं पोट अडलेलं तिला ११ सेकंद, आणि ज्याने आमची मतं घेतली होती त्याला फ्लेक्स सुकायला लागेल तेवढा वेळ.

चिरंजीवांचे ९० दिवस कसे जातात ते सांगतो, कारण बाहेरच्यांना ही तुरुंगाची नवी पद्धत ठाऊक नसते. त्यात केटी द्यायचं असतं. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवणं. हा दुसरा अजून भरतीच झालेला नसतो, त्यामुळे पहिले दोन महिने भिंतीला शिकवायचं. तिसऱ्या महिन्यात एक फ्रेशर येतो, सगळं वहीत लिहून घेतो आणि आपल्या शेवटच्या आठवड्यात तोही पेपर टाकतो. मग लॅपटॉप परत, चार्जर परत, हेडसेट परत, गळ्यातल्या पट्टीसकट ओळखपत्र परत. पट्टी हरवली तर पैसे कापतात. मग एक्झिट इंटरव्ह्यू, ज्यात ज्या साहेबामुळे सोडतोय त्याचं नाव सोडून सगळं सांगायचं. मग हिशेब. नव्या वेतन संहितेत तो दोन कामकाजाच्या दिवसांत द्या असं लिहिलंय, पेरोलवाल्यांच्या 'सायकल'मध्ये दीड महिना लिहिलाय, आणि या देशात संहितेपेक्षा सायकल जोरात पळते. या सगळ्याच्या शेवटी मिळतं ते रिलीव्हिंग लेटर. ते नसेल तर पुढची कंपनी दारातून परत पाठवते.

आणि हीच कंपनी नोकरीच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिते, फक्त इमिजिएट जॉइनर हवेत. आमची गाय ९० दिवस खुंट्याला, शेजाऱ्याची मात्र उद्या सकाळी दावं तोडून आमच्या गोठ्यात. हिंजवडीपासून खराडीपर्यंत सगळ्याच कंपन्या हे म्हणतात आणि सगळ्यांना हवी असलेली माणसं एकमेकींकडेच बांधलेली असतात. मग इमिजिएट जॉइनर उरतो कोण? ज्याची नोकरी गेलीय तो. आणि त्याला विचारतात, नोकरी का गेली?

राजकारणात सगळेच इमिजिएट जॉइनर. २३ नोव्हेंबर २०१९ आठवा. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमाराला राजभवनावर शपथविधी झालासुद्धा. सव्वादोन तासांत ऑनबोर्डिंग! चिरंजीवांना नुसतं ओळखपत्र मिळायला १८ दिवस लागले होते. तोवर ते रोज वॉचमनकडे नाव लिहून आत जात. ते सरकार ८० तास टिकलं. आमच्याकडे एवढ्यात इंडक्शनच्या स्लाइडसुद्धा संपत नाहीत. मग २८ तारखेला शिवाजी पार्कावर दुसरा शपथविधी. त्यात युतीच्या नावाने मतं मागितलेले आघाडीच्या नावाने उभे. दोन्ही वेळा मतदाराला केटी कुणी दिलं नाही. मी आपला सोफ्यावर बसून विचारत होतो, मी मत दिलं होतं ते नक्की कुठल्या प्रॉडक्टला?

२०२२ साली तर गंमतच झाली. त्या सप्टेंबरात विप्रोने सांगितलं की आमच्याकडे पगार घेऊन प्रतिस्पर्ध्यांचं काम करणाऱ्या ३०० जणांना आम्ही घरी पाठवलं. याला मूनलाइटिंग म्हणतात. देशभर नीतिमत्तेवर चर्चा झाली. एका जागी निष्ठा हवी, वगैरे. तीनच महिने आधी, जूनमध्ये, विधान परिषदेचं मतदान आटोपून रातोरात सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेलेल्या आमदारांचं मात्र नवं सरकार झालं होतं. तिथे चंद्रप्रकाशात काम केलं तर मंत्रिपद मिळतं.

कायदा नाही असं नाही. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाला 'आयाराम गयाराम' मिळाले. त्यावर उपाय निघायला १९८५ उजाडलं. म्हणजे १८ वर्षं. आमच्याकडे एवढ्या उशिरा दुरुस्त होणाऱ्या बगला फीचर म्हणतात. तेव्हाच्या दहाव्या परिशिष्टात एकट्याने पळायला बंदी, पण एकतृतीयांश मिळून पळालात तर ती फूट, चालेल. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती फूट बंद केली आणि दोनतृतीयांशांचं विलीनीकरण तेवढं ठेवलं. किरकोळ विक्री बंद, घाऊक चालू. एक मुलगा कंपनी सोडून गेला तर गद्दार, आख्खी टीम गेली तर त्याला अधिग्रहण म्हणतात आणि वर्तमानपत्रात फोटो येतो, तसंच हे.

महाराष्ट्राने पुढची पायरी गाठली. इथे विलीनही कुणी झालं नाही. जाणाऱ्यांनी सांगितलं, आम्ही गेलोच नाही, कंपनीच आमची. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण आणि पुढच्या वर्षी ६ फेब्रुवारीला घड्याळ, दोन्ही नावासकट बाहेर पडलेल्यांना दिली. हे मी घरी सांगितलं तेव्हा चिरंजीव ओळखपत्राच्या पट्टीचे पैसे भरत होते. ते काही बोलले नाहीत.

या प्रकरणात मला मनापासून पटलेली एक गोष्ट मात्र आहे, आणि ती न्यायालयाने सांगितली. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं. पण उद्धव ठाकरे त्या चाचणीला सामोरे गेले नाहीत, त्यांनी आपणहून राजीनामा दिला, म्हणून आधीची स्थिती परत आणता येत नाही. निकाल वाचताना मला घाम फुटला. कारण माझ्या वयाच्या प्रत्येक आयटीवाल्याने तो बंद काचेच्या खोलीत एकदा ऐकलेला असतो. एचआरची गोड मुलगी पाण्याची बाटली पुढे करते आणि म्हणते, सर, आम्ही तुम्हाला काढत नाही आहोत, तुम्हीच राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील. सर देतात. मग सर वकिलाकडे जातात आणि वकील विचारतो, पण सही तुमचीच ना? तेवढ्यावर संपतं. २००९ मध्ये मी त्या खोलीत होतो. बाटली घेतली, पेन घेतलं नाही. आणखी आठ महिने नोकरी टिकली आणि कपातीत गेली तेव्हा हाती पैसे तरी आले. अख्ख्या मातोश्रीवर एकही आयटीवाला नसावा याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा फेसबुक लाइव्हच्या आधी कुणीतरी म्हणालं असतं, साहेब, स्वतःहून नको, त्यांना काढू द्या.

अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांनी वाजवी वेळेत घ्यावा, असंही त्या निकालात होतं. तो १० जानेवारी २०२४ ला आला, फुटीला दीड वर्ष उलटून गेल्यावर. आणि आला तो असा की कोणत्याच गटाचा कोणताच आमदार अपात्र नाही. अ‍ॅप्रेझलमध्ये सगळ्यांनाच 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' देणारे मॅनेजर मी पाहिलेत. त्यांच्याही डोक्याला ताप नसतो.

मावशींच्या जाण्याने इकडे घरात जे झालं त्याला राष्ट्रपती राजवट म्हणता येईल. सगळे अधिकार हिच्याकडे, मला भाजी चिरण्यापुरतं मंत्रिपद. पोळ्या कोपऱ्यावरून येऊ लागल्या, एक १२ रुपयांना. अण्णांनी त्या धरून उजेडात पाहिल्या आणि पलीकडचं कॅलेंडर वाचून दाखवलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी रात्री पुतण्याचा न्यू जर्सीहून फोन. त्याची नोकरी गेली. एच-१बी व्हिसावर असलेल्याला नोकरी गेल्यापासून ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी किंवा दुसरा काहीतरी दर्जा शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. १३ वर्षांचं बस्तान, दोन गाड्या, घराचं कर्ज, शाळेत बेसबॉल खेळणारी मुलगी, तळघरात गणपतीच्या मखराचे खोके, आणि ६० दिवस. वहिनी रडत होत्या. माझा थोरला भाऊ म्हणाला, इकडे ये, पुण्यात नोकऱ्यांना तोटा नाही. पुतण्या म्हणाला, काका, तुमच्याकडे लगेच जॉइन होणारेच मागतात ना? म्हटलं, हो. म्हणाला, मग मी आहे.

त्यावर काय बोलायचं असतं मला माहीत नाही. मी त्याला तिकडची हवा विचारली.

आपल्याकडे नोटीस प्रेमाला पण लागते. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर ३० दिवस आधी अर्ज, तो कचेरीत लावणार, कुणाची हरकत असेल तर सांगा. आंतरजातीय लग्न करणाऱ्या पोरांना महिनाभर धडधडत काढावा लागतो, कारण तो कागद मामाच्या मित्राने वाचला की संपलं. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर पहिल्या अर्जानंतर ६ महिने थांबा, मन बदलतं का बघा. २०१७ पासून न्यायालय योग्य वाटलं तर ते माफ करू शकतं, एवढीच सवलत. दोन माणसांच्या भांडणात सरकारला एवढी घाई नको असते. पाच वर्षांसाठी लाखभर लोकांशी लागलेलं लग्न मोडताना मात्र हरकती मागवल्याचं ऐकिवात नाही. ज्याचं पोट पगारावर त्याला मुदत, ज्याचं भरलेलं त्याला मुहूर्त.

शुक्रवारी हिने सूत्रं हातात घेतली. समोरच्या टॉवरपर्यंत स्वतः चालत गेली आणि लिफ्टपाशी मावशींना गाठलं. महिन्याला ८०० रुपये जास्त, रविवारी एकच वेळ, गणपतीत चार दिवस सुट्टी. याला काउंटर ऑफर म्हणतात. आमच्याकडे ती साहेब देतो तेव्हा मान खाली घालून देतो, हिने कमरेवर हात ठेवून दिली. मावशी शनिवारी सकाळी हजर. समोरच्यांना त्यांनी काय कळवलं, असं मी विचारलं. "मेसेज टाकला की." किती सेकंदांचा ते विचारलं नाही.

रविवारी सकाळी माजी नगरसेवक घरी आले. सोबत सहा पोरं, दोन नवी उपरणं शिल्लक पिशवीत. दादांनी अण्णांच्या पायाला हात लावला. अण्णा म्हणाले, बसा, आणि रिलीव्हिंग लेटर आणलंय का? गेल्या आठवडाभरात नातवाकडून त्यांनी सगळं शिकून घेतलं होतं. दादांना कळलं नाही. अण्णांनी समजावलं, जुन्या पक्षाकडचं, येणं-देणं बाकी नाही असं. पोरं हसली, दादाही हसले. मग अण्णांनी विचारलं की मागच्या गल्लीच्या पाण्याच्या लाइनीचं काम तुमच्याकडे होतं, त्याचं केटी कुणाला दिलंत?

"ते काम पाइपलाइनमध्ये आहे, अण्णा."

"तेच म्हणतोय, पाइपलाइनमध्ये पाणी सोडून सगळं आहे."

दादांनी चहाचा कप उचलला. मावशी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. दादा त्यांच्याच वस्तीतले, लहानपणापासून पाहिलेले. मावशींनी बशी पुढे ठेवली, उपरण्याकडे नीट पाहिलं, कापडाला बोटांनी चिमटीत धरून पाहिलं आणि अगदी आपुलकीने विचारलं,

"दादा, तुम्हाला तिकडं किती वाढवून दिलं?"