अभ्यागत-गणकास अनावृत पत्र

मा. अभ्यागत-गणक,
मुक्काम : शासकीय संकेतस्थळाचा तळ

महोदय,

आलेल्यांची शिरगणती करणे एवढेच आपले नेमलेले काम असताना, कोणते पान ठेवावे आणि कोणते काढावे याचा निवाडाही आता आपल्याच आकड्यावरून होऊ लागला आहे, याबद्दल आपले अभिनंदन. जुना मजकूर चालू पानांतून वेगळा काढून, पण कोणालाही पाहता येईल असा, जपून ठेवणे हा अभिलेखनाचा अर्थ असला, तरी कार्यालयीन बोलीत ‘अर्काइव्ह केले’ म्हणजे ‘आता मिळणार नाही’ असे समजण्याचा प्रघात आहे.

आपल्या मोजणीत, पहिल्याच पानावर उत्तर सापडलेला नागरिक आल्यापावली परतलेला म्हणून नोंदला जातो आणि वीस पाने धुंडाळून हात हलवत गेलेला रमलेला वाचक ठरतो. भरतीच्या निकालाला लोटणारी गर्दी २००१ च्या शीघ्रसिद्धगणकाच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या जमीन-इमारतींच्या दरतक्त्याच्या, वाट्याला कधीच येणार नाही. परंतु १९८५ साली घेतलेली सदनिका आज विकणाऱ्याला करासाठी १ एप्रिल २००१ चे मूल्य धरायचे असल्यास नेमका तोच तक्ता लागतो. अधिक्रमित, म्हणजे नव्या निर्णयाने मागे सारलेल्या, शासन निर्णयांचेही तसेच. ते लागू असताना निवृत्त झालेल्याच्या वादात जुनाच कागद बोलतो.

याहून संतापजनक बाब अशी की ज्या पानांकडे कोणी फिरकत नाही, त्यांतील कित्येकांची वाट कार्यालयांनीच बुजवलेली असते. परिपत्रक युनिकोडपूर्व टंकात बसवायचे, ज्यातील मराठी अक्षरे शोधयंत्राला निरर्थक रोमन चिन्हे भासतात. किंवा कागदाचे तिरपे छायाचित्र चढवून त्याला केवळ एक क्रमांक हे नाव द्यायचे. मुखपृष्ठावरचा दुवा काढायचा. आणि वर्षअखेरीस वाचकच नाहीत असा शेरा मारायचा. हा निकष नव्हे, ही लबाडी आहे. संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही सार्वजनिक अभिलेखात मोडते, असे १९९३ चा केंद्रीय सार्वजनिक अभिलेख अधिनियम सांगतो आणि विहित रीत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करतो. शिक्षेच्या त्या कलमात अभ्यागतसंख्येचा उल्लेख नाही.

आपला मात्र यात काय दोष? दारावर बसवलेल्या पहारेकऱ्याने किती आले ते सांगावे. कशासाठी आले हे त्याला कोणी विचारू दिले नाही, आणि यंत्रे आली तरी त्याने माणसांबरोबर तीही मुकाट मोजली. घर पाडण्याच्या कागदावर पुढे त्याचाच अंगठा उठवला गेला.

तरी एक विनंती आहे. काढलेल्या पानाच्या जुन्या पत्त्यावर येऊन, पान सापडत नसल्याची खूण असलेला ४०४ हा आकडा पाहून परतणारेही अभ्यागतच असतात. त्यांची मोजणी आपण वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि पुढच्या बैठकीत तो रकाना आधी वाचून दाखवावा.

कळावे.